नोकरी गेली, किहीमला आले आणि सुगरणीने नाव मिळवून दिलं! पक्षीमित्र डॉ. सलीम अली यांची गोष्ट

पक्षी सप्ताह विशेष

दसरा-दिवाळी झाली की आपल्या खाड्यांचं रूप बदलतं. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर बारीक बारीक पक्ष्यांचे थवे धावताना दिसतात, वाळूच्या दांड्यावर कुरवांची पांढरी रांग बसलेली असते, लांब वाकड्या चोचीचा कोरल एकटाच चिखलात चोच खुपसत फिरत असतो. कोळी बांधवांना आणि कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना हे नवीन नाही. पण हे पक्षी कुठून येतात, का येतात आणि परत कुठे जातात, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते ज्या माणसांमुळे, त्यात सगळ्यात मोठं नाव डॉ. सलीम अली यांचं.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या माणसाच्या आयुष्याला वळण मिळालं ते आपल्या अलिबाग तालुक्यातल्या किहीम गावात. नवीन पिढीतल्या अनेकांना हे माहीत नसतं, म्हणून आज ही गोष्ट.

एअरगन आणि चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत खेतवाडीत झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. पोरक्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळलं. मामा-मामींना स्वतःचं मूल नव्हतं. घर खातंपितं होतं, मामा शिकारीचे शौकीन होते.

त्या काळात शिकार हा मोठ्या घरातला छंद समजला जाई. पोरगं दहा-अकरा वर्षांचं झालं तेव्हा त्याच्या हातात छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन आली. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. घरातल्या चिमणीला असा डाग नसतो. ही कोणती चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना. मामांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या ऑफिसात पाठवलं. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था पशुपक्षी आणि वनस्पतींचा अभ्यास करते. तिथले सचिव मिलार्ड साहेब यांनी चिमणी ओळखली आणि त्याच्यासमोर कपाटांचे खण उघडले. आत पेंढा भरून जपून ठेवलेले शेकडो पक्षी होते. एवढ्या जातीचे पक्षी आपल्या देशात आहेत, हे त्या पोराला पहिल्यांदाच कळलं. शिकारीचा शौक असलेला हा मुलगा तिथून अभ्यासाकडे वळायला लागला.

डिग्री नाही, नोकरी नाही

शाळेत सलीम काही हुशार वगैरे नव्हता. तेराव्या वर्षी डोकेदुखीचा त्रास सुरू झाला, शाळा बुडू लागली. हवापालट म्हणून सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावं लागलं. १९१३ मध्ये कसाबसा मॅट्रिक झाला. कॉलेजात मन रमलं नाही, ते अर्धवट सोडलं आणि गडी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेला. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा जंगलातले पक्षी बघण्यातच त्याचा वेळ जाई. धंदाही काही चालला नाही.

१९१७ मध्ये मुंबईला परत आल्यावर त्यांनी व्यापाराचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली. सोबत सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना यांच्याशी लग्न झालं. तहमीना शिकलेल्या होत्या, आणि नवऱ्याचं हे पक्ष्यांचं वेड त्यांनी मनापासून स्वीकारलं.

पुढे एक चांगली सरकारी नोकरी निघाली. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती. पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती हुकली. आज गावोगावी जी पोरं कागदावर एक डिग्री कमी पडली म्हणून घरी बसलेली असतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जो माणूस पुढे भारतभरच्या पक्ष्यांवर शेवटचा शब्द मानला गेला, त्याला पक्ष्यांचीच नोकरी मिळाली नव्हती.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना काम मिळालं. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, तेच हे. येणाऱ्या लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची, असं ते काम. पगार महिना ३५० रुपये, त्या काळी चांगलाच. पण आपल्याला अजून नीट शिकायला हवं, ही टोचणी होती. १९२८ मध्ये रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसेमान या नावाजलेल्या पक्षीशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम शिकले. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधायचा, हेही त्यांनी तिकडे पाहिलं.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियममधली जागाच बंद झालेली. पैशाअभावी ते पदच काढून टाकलं होतं. वय चौतिशीला आलेलं, संसार अंगावर, हातात विद्या आहे पण पगार नाही.

किहीमचा पावसाळा

मुंबईत राहायचं म्हणजे खर्च. म्हणून नवरा-बायको खाडीपलीकडे, समुद्रकाठच्या किहीम गावात राहायला आले. तेव्हा किहीम म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, भातशेती आणि मोकळा किनारा. आजच्यासारखी बंगल्यांची आणि रिसॉर्टची गर्दी नव्हती.

पाऊस सुरू झाला आणि तिथे सुगरण पक्ष्यांनी खोपे विणायला घेतले. ज्याला इंग्रजीत बया म्हणतात तोच हा पक्षी. आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेला, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला नाहीतर माडा-शिंदीला टांगलेला खोपा. इतका नेहमीचा की त्याकडे कोणी मुद्दाम बघत नाही. सलीम अलींना दुसरं काम नव्हतं. ते रोज तासन्‌तास खोप्यांपाशी बसून राहायचे आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. कोणता नर कोणत्या खोप्यावर काम करतो, मादी कधी आली, कोणत्या खोप्यात शिरली, पुढे काय झालं, सगळं.

त्यातून जे बाहेर आलं ते तोवर कोणाला नीट माहीत नव्हतं. आपण म्हणतो सुगरण, म्हणजे आपल्या मनात ती बाई. पण खोपा विणतो तो नर. भाताच्या आणि गवताच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून तो विणत जातो. खोपा अर्धा झाला की थांबतो. मग माद्या येतात, आत जाऊन पाहणी करतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते, नाही पडला तर निघून जाते. पसंत पडल्यावर नर खालची लांब नळी विणून खोपा पुरा करतो. मादी अंडी घालते, उबवते. आणि नर? तो दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसराही. एका हंगामात एका नराचे असे एकामागून एक संसार होतात, हे किहीमच्या निरीक्षणातून समोर आलं.

हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जाणकारांत सलीम अलींचं नाव झालं. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना महागडी यंत्रं. लागला तो एक पावसाळा, एक वही आणि गावातले खोपे. नोकरी गेली नसती तर हे काम बहुधा झालंच नसतं.

गावोगाव, रानोमाळ

यानंतर त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. तेव्हा देशात संस्थानं होती. कोणत्या संस्थानात कोणते पक्षी आहेत, याची पाहणी मी करतो, मला पगार नको, फक्त जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, असा त्यांचा प्रस्ताव असे. अशा रीतीने हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर असे मोठमोठे मुलूख त्यांनी पायी, बैलगाडीतून, मिळेल त्या वाहनाने पालथे घातले. तंबूत राहायचं, पहाटे उठायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहायच्या. या भटकंतीत तहमीना त्यांच्यासोबत असत. लिखाणाची भाषा सुधारून देण्यातही त्यांचा हात होता.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमीना यांचं निधन झालं. सलीम अली तेव्हा त्रेचाळिशीच्या आत होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहिणीकडे राहिले आणि स्वतःला कामात गाडून घेतलं.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, द बुक ऑफ इंडियन बर्ड्स, निघालं. रंगीत चित्रं आणि सोपी माहिती. साध्या माणसालाही पक्षी ओळखता यावा, असं ते लिहिलेलं होतं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढे अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारत आणि शेजारी देशांच्या पक्ष्यांवर १० खंडांचा ग्रंथ पुरा केला. तो पुरा झाला तेव्हा सलीम अली सत्तरीच्या पुढे गेले होते.

गाड्यांचाही त्यांना भारी शौक. १९५० मध्ये स्वीडनमध्ये पक्षीशास्त्रज्ञांची जागतिक परिषद होती. हा पंचावन्नकडे झुकलेला माणूस आपली मोटारसायकल बोटीने युरोपला घेऊन गेला आणि तिच्यावर बसून परिषदेला पोचला!

पायातल्या कडीची गोष्ट

आता आपल्या खाडीकडे येऊ. शरद ऋतूत जे पाहुणे येतात, ते नेमके कुठून येतात हे कसं कळलं?

उत्तर आहे पायातली कडी. जाळं लावून पक्षी अलगद धरायचा, वजन-माप घ्यायचं, पायात ॲल्युमिनियमची हलकी कडी घालायची आणि सोडून द्यायचा. कडीवर नंबर आणि संस्थेचं नाव असतं. तो पक्षी पुढे दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या देशात कोणाला सापडला आणि त्याने कळवलं, की प्रवासाचा धागा जुळतो. जर्मनीत पाहिलेलं हे काम सलीम अलींना भारतात मोठ्या प्रमाणावर करायचं होतं. पण पैसा नव्हता.

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा भागात एक ताप पसरला, माकडं आणि माणसं मेली. गोचिडीतून पसरणारा हा आजार. तसाच एक आजार रशियात होता. मग शंका आली, उत्तरेकडून येणारे पक्षी तर गोचिडी घेऊन येत नाहीत ना? जागतिक आरोग्य संघटनेने याचा शोध घ्यायला मदत दिली आणि सलीम अलींच्या देखरेखीखाली सोसायटीने भरतपूर, तामिळनाडूतलं पॉइंट कॅलिमियर अशा ठिकाणी हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या. पक्ष्यांवरचा तो संशय पुढे टिकला नाही. पण त्या निमित्ताने प्रवासी पक्ष्यांचा नकाशा तयार होऊ लागला. इथे कडी घातलेली बदकं सैबेरियात, मध्य आशियात सापडू लागली.

आज आपल्याला कळतं की आपल्या किनाऱ्यावर दिसणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या तलावांवर पिल्लं घालतो. चिखलावर तुरुतुरु धावणारे बरेचसे चिखले आणि तुतवार हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सैबेरियातून येतात. काळ्यापांढऱ्या अंगाचा, लालभडक चोचीचा कालवफोड्याही असाच लांबचा पाहुणा. तिकडे बर्फ पडायला लागला की खायला मिळत नाही, म्हणून सप्टेंबरपासून ते दक्षिणेकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

ते खाडीच्या तोंडाशीच का जमतात? नदीने आणलेला गाळ आणि भरतीचं पाणी तिथे एकत्र येतं. त्या चिखलात किडे, शिंपल्या, बारीक खेकडे भरपूर. ओहोटीला ताट वाढलेलं असतं. ज्याची चोच आखूड तो वरवरचं टिपतो, ज्याची लांब तो खोलातलं काढतो. त्यामुळे एकाच चिखलावर दहा जातींचे पक्षी भांडण न करता जेवतात.

जिथे हिशेब चुकला

मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना चुकलेलं झाकू नये. राजस्थानातलं भरतपूरचं पाणपक्ष्यांचं जंगल वाचवण्यात सलीम अलींचा मोठा वाटा होता. पण त्या जंगलात गावकऱ्यांच्या म्हशी चरायच्या. म्हशी आणि गुराखी बाहेर काढले तर पक्ष्यांचं भलं होईल, असं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली.

आणि पुढे काय झालं? म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी कमी झालं आणि अनेक पाणपक्ष्यांची संख्या घटली. हे दाखवून दिलं ते सलीम अलींच्याच सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाने. म्हशी गवत खाऊन पक्ष्यांना जागा मोकळी ठेवत होत्या. गावाला बाहेर काढून निसर्ग वाचतोच असं नाही, हा धडा तिथे मिळाला. आपल्या खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांना, खारभूमीत शेती करणाऱ्यांना वगळून पक्षी वाचवायचे ठरवले तर तीच चूक पुन्हा होईल.

शेवटची वर्षं

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक, असे मान मिळत गेले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्ग जपण्याच्या कामासाठी सोसायटीला देऊन टाकली. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून ज्यांनी आवाज उठवला, त्यात तेही होते. ते जंगल वाचलं. १९८५ मध्येच त्यांचं आत्मचरित्र आलं. त्याचं नाव त्यांनी एका पडलेल्या चिमणीवरूनच ठेवलं, लहानपणी एअरगनने पाडलेली तीच. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यानंतर १९८८ मध्ये गोव्यात मांडवी नदीच्या चोडण बेटावरच्या कांदळवनाला त्यांचं नाव देण्यात आलं. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की लगेच खारफुटी सुरू होते. थंडीच्या दिवसांत तिथे खंड्या, बगळे, तुतवार बघायला लोक लांबून येतात.

आपण काय करू शकतो?

सलीम अलींनी किहीममध्ये जे केलं ते कोणालाही करता येण्यासारखं आहे. आता नोव्हेंबरात सुगरणीचे खोपे रिकामे झालेत, पण खाड्या भरल्यात. रेवस, आक्षी, रेवदंडा, किंवा तुमच्या गावाची जी कोणती खाडी असेल तिथे जा.

• वेळ भरतीच्या हिशेबाने ठरवा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगलेले असतात. भरती चढू लागली की ते काठाकडे सरकतात, तेव्हा जवळून दिसतात.

• सूर्य पाठीशी ठेवा. समोर ऊन असेल तर सगळेच पक्षी काळे दिसतात.

• थव्यात धावू नका, गाडी वाळूवर घालू नका, कुत्रे सोडू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी दर थोड्या वेळाने उठवला तर त्याचं खाणं आणि विश्रांती दोन्ही तुटते. परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी त्याच्या अंगावर चढत नाही.

• वहीत नाहीतर मोबाइलमध्ये नोंद करा. तारीख, वेळ, जागा, कोणता पक्षी, किती. नाव माहीत नसेल तर गावात जे नाव म्हणतात ते लिहा. एका दिवसाची नोंद छोटी वाटते, पण दहा वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की पक्षी वाढले की घटले ते कळतं.

• पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर फोटो काढा, नंबर वाचता आला तर लिहून घ्या आणि वनविभागाला किंवा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. मेलेला सापडला तरी कळवा.

• जखमी पक्षी सापडला, कोणी जाळं लावून पक्षी धरताना किंवा कांदळवन तोडताना दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. दोन्ही गोष्टी कायद्याने गुन्हा आहेत.

खाडीत भराव टाकला की आपल्या डोळ्यांना ती फक्त मोकळी जागा भरलेली दिसते. पण मासळीची पिल्लं वाढतात ती तिथेच, कालवं-शिंपल्या मिळतात त्या तिथेच आणि उधाणाचं पाणी अडतं तेही त्या खारफुटीतच. पक्षी यायचे बंद झाले तर समजावं की चिखलातलं खाणं संपलंय, आणि मग जाळ्यात मासळी लागणंही फार दूर नाही, असं नव्हे, तीही आटत जाणार. म्हणून पक्ष्यांची मोजदाद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग नाही, ती आपल्याच खाडीची तब्येत तपासणं आहे.

येत्या रविवारी भरतीची वेळ बघा, घरातल्या पोरांना सोबत घ्या आणि खाडीवर एक चक्कर मारून या. वही न्यायला विसरू नका.